गोव्याच्या उन्हात गाडीचे काळे प्लास्टिक: ‘३०३ प्रोटेक्टंट’चे परीक्षण

गोव्यात नवी गाडी दारात आली की पहिला विचार गंजाचा होतो. समुद्राची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि रस्त्यावर साचणारे पाणी यांच्या धास्तीने आपण गाडीच्या पोटाला अँटी-रस्ट मारून घेतो, रंगावर कोटिंग करून घेतो. मात्र बंपरचा खालचा काळा भाग, चाकांवरच्या कमानी, दारांखालच्या पट्ट्या, आरशांचे बूड, छतावरच्या रेल आणि वायपरखालची जाळी यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पत्रा ठणठणीत असतो, रंग चकाकत असतो आणि काही उन्हाळे झाले की हे काळे भाग आधी राखाडी, मग पांढरट होतात व शेवटी हात लावताच तडकतात. ते तसे होऊ नयेत म्हणून बाजारात मिळणाऱ्या द्रवांपैकी गोल्ड ईगल या अमेरिकी कंपनीचे ‘३०३ प्रोटेक्टंट’ मी माझ्या गाडीवर नियमित वापरत आहे. पूर्वी ते ‘एरोस्पेस प्रोटेक्टंट’ या नावाने विकले जात असे आणि अनेक जण अजूनही त्याच नावाने ते मागतात. हे परीक्षण मुख्यतः त्याचे आहे. परंतु त्याची बाजू नीट कळण्यासाठी दुकानात मिळणारी चकचकीत ड्रेसिंग, म्हणजे प्लास्टिकला चकाकी आणणारी द्रवे, आणि प्लास्टिकवर पक्की बसणारी कोटिंग यांच्याविषयीही लिहिणे भाग आहे.

निर्णय आधीच सांगतो. गाडी नवी असेल किंवा तिचे प्लास्टिक अजून काळे असेल, तर हे द्रव घ्यावे आणि ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत न चुकता लावावे. प्लास्टिक आधीच पांढरे पडले असेल, तर या बाटलीकडून फार अपेक्षा ठेवू नये, कारण ते काम तिचे नाही. पांढरे पडलेले काळे करणे आणि काळे आहे ते काळे राखणे ही दोन वेगळी कामे आहेत. ग्राहकांच्या बहुतेक तक्रारी त्यांची गल्लत झाल्यामुळेच निर्माण होतात.

गाडीच्या बाहेरील काळ्या भागांपैकी बराचसा भाग पॉलिप्रॉपिलीनचा असतो. त्यात ईपीडीएम जातीचे रबर मिसळून त्याला लवचिक केलेले असते आणि कडकपणा येण्यासाठी संगजिऱ्याची, म्हणजे टाल्कची, पूड घातलेली असते. बंपर उतरवल्यावर त्याच्या आतल्या बाजूला ‘पीपी’, ‘ईपीडीएम’ आणि टाल्कचे प्रमाण दाखवणारा आकडा असा छाप बहुधा दिसतो. पॉलिप्रॉपिलीनच्या लांब साखळ्यांत काही कार्बन अणू असे असतात की त्यांच्याशी जोडलेला हायड्रोजन तुलनेने सहज सुटतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण, त्यांतही जमिनीपर्यंत पोचणारे साधारण २९५ ते ४०० नॅनोमीटर लांबीचे, हे बंध तोडण्याची सुरुवात करून देतात. मग हवेतला ऑक्सिजन तेथे जोडला जातो, नवी मुक्त मूलके, म्हणजे अतिशय क्रियाशील तुकडे, तयार होतात आणि साखळी ठिकठिकाणी तुटत जाते. एकदा सुरू झालेली ही क्रिया स्वतःच स्वतःला पुढे रेटते, आणि तापमान वाढले की तिचा वेगही वाढतो. काळे प्लास्टिक भर दुपारी ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकते, हे येथे विसरून चालणार नाही.

साखळ्या तुटल्या की वरचा थर ठिसूळ होतो, त्याचा भुगा होऊन झडतो आणि आत मिसळलेली टाल्कची पूड उघडी पडते. आपल्याला दिसणारा पांढरेपणा हाच असतो. तो धुऊन जाणारा मळ नसून प्लास्टिकचीच झालेली झीज आहे. पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा पडतात, त्यांवरून प्रकाश विखुरतो म्हणून काळा रंग फिका भासतो, आणि याच भेगा पुढे खोल जाऊन तडा होतात. हे टाळण्यासाठी कारखान्यातच प्लास्टिकमध्ये काजळी आणि प्रकाश-स्थिरक, म्हणजे उन्हाने होणारी झीज रोखणारी रसायने, मिसळलेले असतात. हिंडर्ड अमाइन जातीचे स्थिरक १९७० च्या दशकापासून वापरात आले आणि त्यांच्यामुळेच आजचे बंपर इतकी वर्षे टिकतात. बाहेरून लावलेले कोणतेही द्रव त्या आतल्या स्थिरकांची जागा घेऊ शकत नाही. ते वरून पडणाऱ्या माऱ्याचा काही भाग अडवते, एवढेच. हे ‘एवढेच’ गोव्यात मात्र पुष्कळ मोलाचे आहे.

पणजी साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारी सूर्य येथे थेट डोक्यावर येतो. ऑगस्टमधला सूर्य ढगांआड असतो, मे महिन्यातला नसतो. डोक्यावरच्या सूर्याचा सर्वांत जास्त मार आडव्या पृष्ठभागांवर बसतो, आणि म्हणूनच गाडीच्या बाजूच्या उभ्या पट्ट्यांच्या मानाने वायपरखालची जाळी, बंपरची वरची कड, छतावरच्या रेल आणि आरशांच्या टोप्या लवकर खराब होतात. आपल्या गाडीची नीट पाहणी केली, तर हा फरक कोणालाही दिसेल. चाकाच्या कमानीचा वरचा फुगवटा राखाडी आणि तिचाच खाली वळलेला भाग अजून काळा, असे चित्र फोंड्यापासून मडगावपर्यंत कोणत्याही पार्किंगमध्ये पाहायला मिळते.

खाऱ्या हवेविषयी एक समज येथे दुरुस्त करावासा वाटतो. पॉलिप्रॉपिलीनवर मिठाचा रासायनिक परिणाम जवळजवळ होत नाही. मीठ नुकसान करते ते दुसऱ्या वाटेने. प्लास्टिकला धरून ठेवणाऱ्या लोखंडी क्लिपा, स्क्रू आणि ब्रॅकेट गंजतात, त्यामुळे तो भाग सैल होऊन कंप पावतो आणि सततच्या हादऱ्यांनी स्क्रूच्या भोकापासून चीर सुरू होते. शिवाय वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे कण आणि चिऱ्याच्या खाणींकडची लाल धूळ कोरड्या कपड्याने पुसली, तर पृष्ठभागावर बारीक ओरखडे उमटतात. कळंगुट, मिरामार किंवा मोरजीच्या किनाऱ्यालगत गाडी ठेवणाऱ्यांनी आधी भरपूर पाण्याने धुवावे आणि मगच कापड हातात घ्यावे. पण काळेपणा जातो तो उन्हामुळे. समुद्रापासून लांब असलेल्या वाळपई-साखळीकडच्या गाड्यांचे प्लास्टिकही उघड्यावर उभे राहून तितकेच पांढरे झालेले असते.

वायपरखालच्या जाळीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या एका भागाची हेळसांड पुढे खऱ्या अर्थाने महागात पडते. विंडशील्डच्या तळाशी आडवी बसलेली ही जाळी, जिला गॅरेजमध्ये काउल म्हणतात, विंडशील्डवरून ओघळणारे पाणी बाजूच्या नळ्यांकडे वळवते. बहुतेक गाड्यांत एसीसाठी बाहेरची हवा तिच्याखालूनच आत घेतली जाते. वायपरची मोटर किंवा तिचे लिंकेज दुरुस्त करायचे झाले की ही जाळी काढावी लागते. ओळखीतल्या एका गाडीची जाळी काढताना मी शेजारी उभा होतो. मेकॅनिकने नेहमीप्रमाणे प्लास्टिकच्या चाकूने कडेची क्लिप उचलली आणि क्लिपेबरोबर तळहाताएवढा तुकडा बिस्किटासारखा सुटून आला. त्याची तुटलेली कड आत गडद काळी आणि वर नखभर जाडीची पांढरी होती. उरलेला भाग सांभाळून उचलला, तरी विंडशील्डला लागणारी पातळ ओठासारखी कड तीन-चार ठिकाणी तडकली. जाळी तशीच परत बसवली आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी त्या फटीतून उतरून ब्लोअरपर्यंत गेले, पायाखालचे कार्पेट भिजले, आणि गाडीत जो कुबट वास भरला तो चवथीपर्यंत गेला नाही. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा ठिकाणी काउल अखंड असणे शोभेपुरते महत्त्वाचे नाही.

आता प्रत्यक्ष द्रवाविषयी. ‘३०३’ हे पाण्यावर आधारित, दुधासारखे दिसणारे पातळ द्रव आहे आणि ते फवाऱ्याच्या बाटलीत येते. त्याला जवळजवळ वास नाही. लावण्याची रीत साधी असली, तरी तिच्यात कसूर चालत नाही. भाग स्वच्छ, कोरडा आणि थंड हवा. गाडी सावलीत हवी. द्रव सर्वत्र सारखे पसरवायचे आणि दुसऱ्या कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पूर्ण पुसून काढायचे. हे शेवटचे पुसणे टाळून ‘आपोआप वाळू दे’ असे म्हणणाऱ्यांच्या गाडीवर ओघळांचे आणि थेंबांचे डाग राहतात आणि मग बाटलीला नावे ठेवली जातात. गोव्याच्या दमट हवेत, विशेषतः सकाळी दव पडलेले असताना, वरून कोरडा दिसणारा खरबरीत भागही आतून ओलसर असतो. म्हणून मी धुतल्यावर लगेच लावत नाही, गाडी थोडी फिरवून आणतो, थंड होऊ देतो आणि मगच बाटली काढतो. काउलवर थेट फवारा मारू नये. त्याचे तुषार काचेवर जातात आणि वायपर फिरला की धुरकट पट्टा उमटतो. कापडावर घेऊन ते जाळीच्या पट्ट्यांमधून फिरवावे. कोपऱ्यांसाठी जुना मऊ रंगाचा ब्रश सोयीचा पडतो.

लावल्यावर जे रूप येते, ते मला मनापासून आवडले. नवे प्लास्टिक शोरूममध्ये जसे दिसते, तसाच मंद, किंचित गडद काळा रंग येतो; तेलकट चकाकी नसते, आणि बोट फिरवले तर बोटाला काही लागत नाही. याचा मोठा फायदा धुळीच्या दिवसांत दिसतो. डिचोली-सांगे भागातील खनिज वाहतुकीच्या रस्त्यांवरून किंवा काम चाललेल्या महामार्गावरून गाडी गेली की लाल धूळ सर्वत्र बसते. पण या द्रवाने हाताळलेल्या पट्टीवरची धूळ पाण्याच्या साध्या धारेने निघते, खरबरीत पोतात रुतून बसत नाही.

हे किरणांपासून खरोखर रक्षण करते का, हा कळीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर चकाकीवरून किंवा पाण्याचे थेंब किती गोल होतात यावरून मिळत नाही. थेंब गोल होणे हे केवळ पृष्ठताणाचे लक्षण आहे. मेण लावलेल्या कपड्यावरही थेंब गोल होतात. म्हणून मी पावसाळा संपल्यापासून काउलची एक बाजू नियमित हाताळली आणि दुसरी केवळ धुतली. तुलनेसाठी मूळ रंग हाताशी होताच, कारण बॉनेटच्या मागच्या रबराखाली काउलची जी अरुंद पट्टी झाकलेली असते, तिला ऊन लागत नाही. उन्हाळा सरल्यावर पांढरे सुती कापड ओले करून दोन्ही बाजूंवर घासले, तेव्हा न हाताळलेल्या बाजूवरून कापडाला राखाडी भुगा लागला, हाताळलेल्या बाजूवरून नुसता धुळीचा पुसट तांबूस डाग आला. रंगातला फरकही रबराखालच्या पट्टीशी ताडून पाहता स्पष्ट होता. ही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे आणि मी ती तशी सांगतही नाही. परंतु एकाच गाडीचा, एकाच उन्हातला, एकाच भागाचा हा फरक मला पुरेसा वाटला. ओल्या पांढऱ्या कपड्याची ही परीक्षा प्रत्येकाने आपल्या गाडीवर करून पाहावी, कारण डोळ्यांना पांढरेपणा दिसण्याच्या पुष्कळ आधी कापड तो दाखवते.

उणिवाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. पहिली म्हणजे टिकाऊपणा. महिना-दीड महिन्याने ते पुन्हा लावावे लागते, आणि रोज दिवसभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या आडव्या भागांवर मी ते त्याहूनही थोडे लवकर लावतो. जून ते ऑगस्टच्या धारांमध्ये आडव्या भागांवर त्याचा थर फार काळ तग धरत नाही. त्या दिवसांत मी आग्रह सोडून देतो, कारण ढगांमुळे ऊनही बरेच कमी झालेले असते. ढगांतून अतिनील किरण मुळीच येत नाहीत असे नाही, पण मेमधल्या माऱ्याशी त्यांची तुलना होऊ शकत नाही. चवथ झाली, पाऊस ओसरू लागला आणि ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की पुन्हा नेमाने लावायला घ्यावे. दसऱ्याला गाडीची पूजा करतोच, त्याच्या आदल्या दिवशी लावले तर नेम लक्षातही राहतो. दुसरी उणीव किमतीची. साध्या ड्रेसिंगच्या मानाने हे आयात द्रव बरेच महाग पडते. मात्र ते पातळ लावायचे असल्यामुळे ४७३ मिलिलिटरची बाटली एका गाडीला दीर्घकाळ पुरते, आणि नव्या बंपरची किंमत व रंगकाम यांचा हिशेब मांडला तर हा खर्च मला अवाजवी वाटत नाही. तिसरी गोष्ट उणीव नसून सावधगिरी आहे. पेडल, टायरचा जमिनीला टेकणारा भाग, ब्रेकच्या डिस्क आणि दुचाकीची सीट यांना हे किंवा असले कोणतेही द्रव लागू देऊ नये.

आता दुकानात जी चकचकीत ड्रेसिंग स्वस्तात मिळतात, त्यांविषयी. यांपैकी बरीच सिलिकॉन तेल आणि पेट्रोलियम द्रावक यांची मिश्रणे असतात. लावताच प्लास्टिक ओले असल्यासारखे झगमगते आणि गिऱ्हाइक खूश होते. अशीच एक बाटली मी मे महिन्याच्या शेवटी वापरली होती. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण त्या जातीच्या सर्वच बाटल्यांचे वागणे जवळपास सारखे असते. पहिल्याच मिरगाच्या सरींनी ते तेल कमानींवरून ओघळून पांढऱ्या दारांवर करड्या रेघा उमटल्या आणि काचेवर इंद्रधनुषी तवंग आला. रात्री पावसात समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे त्या तवंगात पसरतात, तेव्हा रस्ता दिसत नाही. बोरी पुलावरून किंवा झुआरीवरून पावसात गाडी चालवणाऱ्यांना हा धोका समजावून सांगण्याची गरज नाही. उरलेल्या तेलावर लाल धूळ चिकटून चिखलाचा लेप बसला, आणि तो काढताना घासावे लागले ते वेगळेच. चकाकी म्हणजे संरक्षण, हा समज विक्रेत्यांनी वाढवला आहे आणि तो मोडणे अगत्याचे आहे.

घरगुती उपायांत रॉकेल, डिझेल आणि खोबरेल यांचा वापर आपल्याकडे अजून सर्रास होतो. सर्व्हिसिंगच्या वेळी डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने सगळे काळे भाग पुसून गाडी ‘नवी’ करून देणारी गॅरेजे मी अनेक पाहिली आहेत. पेट्रोलियम तेलांनी ईपीडीएम रबर फुगते आणि मऊ पडते. दारांच्या बीडिंगा याच रबराच्या असतात, आणि बंपरच्या मिश्रणातही ते असते. एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट यांसारख्या प्लास्टिकांना थिनर, पेट्रोल वा ॲसिटोन लागले तर जेथे ताण असतो तेथे, म्हणजे स्क्रूभोवती आणि वळणांवर, ताबडतोब बारीक तडे जाऊ शकतात. ग्रिल, आरशांची आवरणे आणि दिव्यांच्या काचा यांच्याजवळ हे पदार्थ नेऊच नयेत. खोबरेल तेलाने प्लास्टिक वितळत नाही, पण ते उन्हाला अडवत नाही, खवट होते, चिकटते आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. गॅरेजमध्ये गाडी देताना ‘काळ्या प्लास्टिकला काही लावू नका, नुसते धुवा’ असे स्पष्ट सांगावे. मी ते जॉबकार्डावर लिहूनच घेतो.

ज्यांचे प्लास्टिक आधीच पांढरे झाले आहे, त्यांच्यासाठी हॉट-एअर गनचा उपाय समाजमाध्यमांवर वारंवार दाखवला जातो. गरम हवेने पृष्ठभागाचा भुगा झालेला थर किंचित वितळून पुन्हा सपाट होतो आणि रंग क्षणात काळा दिसतो. म्हणून तो पाहायला जादूसारखा वाटतो. पण त्याने तुटलेल्या साखळ्या जुळत नाहीत, स्थिरक परत येत नाहीत, पोत जागोजाग गुळगुळीत होतो आणि थोड्या महिन्यांत पांढरेपणा परततो. मी तो कोणालाही सुचवत नाही. त्यापेक्षा प्लास्टिकसाठी मुद्दाम बनवलेले सिरॅमिक जातीचे कोटिंग हा खर्चिक पण योग्य मार्ग आहे. छोट्या कुपीत येणारे हे द्रव पृष्ठभागाला घट्ट धरून कडक होते, झिजलेल्या पोतात शिरून रंग गडद करते आणि नीट बसले तर एक पावसाळा सहज पार करते. अट एवढीच की पृष्ठभाग पूर्णपणे तेलरहित झाला पाहिजे. आधीच्या ड्रेसिंगचा मागमूसही राहिला तर ते धरत नाही. यातली बरीच कोटिंग हवेतल्या ओलाव्याने कडक होतात, त्यामुळे आपल्याकडे ती डबीवर लिहिलेल्या वेळेआधीच धरू लागतात. एका वेळी हातभर पट्टी घ्यावी, लावून लगेच समतल करावी, मग पुढे सरकावे. त्यानंतर डबीवर सांगितलेला वेळ, बहुधा रात्रभर तरी, त्यावर पाणी पडू देऊ नये. म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीत करावे, पावसाळ्याच्या तोंडावर नव्हे. पणजी, म्हापसा, मडगाव येथील डिटेलिंगच्या दुकानांत ते करून मिळते. तेथे विचारायचा प्रश्न एकच, की लावण्याआधी तुम्ही काय काय साफ करता. या प्रश्नाला जो दुकानदार सविस्तर उत्तर देतो, त्याच्याकडे गाडी द्यावी.

साफसफाईसाठी सौम्य ऑल-पर्पज क्लीनर पाण्यात पातळ करून, मऊ ब्रशने गोलाकार घासून, वाळू न देता भरपूर पाण्याने धुवावे. बाथरूमसाठीचे आम्ल किंवा कपड्यांचा सोडा कधीही वापरू नये. रंगावर पॉलिश करताना काळ्या पोतात जे पांढरे मेण अडकते, ते पाण्याने जात नाही. शाळेच्या दप्तरातले मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवले की निघते. त्याहून बरे म्हणजे पॉलिशच्या आधी काळ्या भागांवर कागदी टेप चिकटवणे.

हेडलाइटची गोष्ट वेगळी आहे. तेथे पॉलिकार्बोनेट असते आणि त्यावर कारखान्यातच अतिनील किरण अडवणारा कडक थर दिलेला असतो. तो झिजल्यावर काच पिवळी आणि धुरकट होते. टूथपेस्टने घासल्यास काही आठवडे ती स्वच्छ दिसते, पण उरलासुरला थरही निघून जातो आणि पुढचे पिवळेपण झपाट्याने येते. बारीक होत जाणाऱ्या पाणकागदाने घासून त्यावर नवा अतिनील-रोधक थर देणे हाच त्यावरचा खरा इलाज आहे. ‘३०३’ काळ्या भागांबरोबर दिव्यांवर फिरवायला हरकत नाही, परंतु पिवळेपणा त्याने जाणार नाही. दारांच्या रबरी बीडिंगांवर मात्र त्याचा उपयोग चांगला होतो. रबर चिकटत नाही आणि दार उघडताना येणारा ओढल्यासारखा आवाजही थांबतो.

सावलीला तोड नाही, हे खरे. पण गोव्यात सावली म्हणजे पुष्कळदा माडाची किंवा फणसाची, आणि माडाखाली गाडी ठेवणे म्हणजे नारळाला किंवा चुडताला आमंत्रण देणे होय. पत्र्याची शेड शक्य असेल त्याने ती जरूर घालावी. ज्यांना दिवसभर कचेरीबाहेर उघड्यावरच गाडी ठेवावी लागते, त्यांनी निदान रोज एकाच दिशेने तोंड करून ठेवू नये. गाडीची एकच बाजू पश्चिमेच्या तिरप्या उन्हात वर्षानुवर्षे भाजली, तर दोन बाजूंच्या पट्ट्यांचे रंग कायमचे वेगळे होतात. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या भाड्याच्या गाड्या चालवायला देणाऱ्या व्यावसायिकांनी तर याकडे खास लक्ष द्यावे, असे मला कळकळीने वाटते. त्यांच्या गाड्या हंगामभर किनाऱ्यावर उघड्या उभ्या असतात, आणि इंजिन उत्तम असूनही पांढऱ्या पडलेल्या बंपरमुळे त्या विकताना पडेल भाव मिळतो.

नवी गाडी घेणाऱ्यांना एक सांगायचे आहे. शोरूममध्ये कोटिंगचे पॅकेज विकताना ‘पूर्ण गाडी’ असे शब्द वापरले जातात, पण कराराच्या कागदावर बहुधा केवळ रंगवलेल्या पत्र्याचा उल्लेख असतो. सही करण्याआधी काउल, कमानी, दारांखालच्या पट्ट्या आणि रूफ रेल यांची नावे त्यात आहेत का, हे वाचून पाहावे. नसतील, तर ती लिहून घ्यावीत किंवा पॅकेजची तेवढी रक्कम कमी करून घेऊन पहिल्या महिन्यापासूनच स्वतः द्रव लावायला सुरुवात करावी. ‘३०३’ची बाटली घेताना झाकणाखालचे सील शाबूत आहे आणि आयातदाराचे नाव-पत्ता छापलेले लेबल वर आहे, हे तपासून घ्यावे, सुट्या कॅनमधून भरून दिलेले द्रव, कितीही स्वस्त मिळाले तरी, घेऊ नये.